बातमीपट्टीवरची जमात

पुणे-सोलापूर महामार्गालगत भांडगाव, यवत, पाटस या पट्ट्यात घरफोडी झाली आणि संशयित हाती लागले, की स्थानिक वाहिन्यांच्या पट्टीवर ‘पारधी टोळी जेरबंद’ हे शब्द सवयीने उमटतात. दोषारोपपत्रही तोवर दाखल झालेले नसते. ठेवी बुडवणाऱ्या पतसंस्थेच्या संचालकाला अटक होते, तेव्हा मात्र त्याची जात कोणी सांगत नाही.

ही सवय जुनी आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच पुरावा ठरवले. सुतारकी जशी बापाकडून मुलाकडे जाते, तशी चोरीही जाते, असे गृहीत धरले. १९११ मध्ये या कायद्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत वाढली. नोंद झालेल्यांना हजेरी सक्तीची झाली. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. तिचे ‘सेटलमेंट’ हे नाव तिथल्या लोकांच्या तोंडी अजून आहे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा देशभर रद्द झाला. शब्द मात्र उरले. पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकातून ते बातमीत उतरतात आणि बातमीदार ते खोडत नाही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारे समजून, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. अफवा मोबाइलवर पसरली होती. भटका दिसला की संशय घ्यावा, हा धडा त्याच्या कितीतरी आधीचा.

आरोपीचे वय, गाव आणि कलम एवढे बातमीला पुरते. जमातीचे नाव पडद्यावर आले, की दुसऱ्या दिवशी त्या समाजातील शाळकरी मुलालाही वर्गात उत्तर द्यावे लागते, आणि त्याच्याविरुद्ध तर कुठलेच कलम लागलेले नसते.