मातीच्या बैलांनाही जागा हवी



आपल्या भित्तिपत्रकावर नेहमी चित्रेच लागतात. मातीचे बैल फक्त पोळ्याला. नंतर ते कोनाड्यात पडून राहतात. काही मुलांना चित्र जमत नाही, पण बैल झकास करतात. त्यांचे नाव भिंतीवर कधीच येत नाही. माझ्या मते हे बरोबर नाही.

चित्राला लांबी-रुंदी असते. बैलाला जाडीपण असते, म्हणून तो त्रिमितीय. कागदावर गोल काढून एका बाजूला पेन्सिलीने छाया दिली की चेंडू वाटतो, पण नुसता वाटतो. हातात काही येत नाही! चित्रातला बैल एकाच बाजूने दिसतो. मातीचा करताना चारी बाजू बघाव्या लागतात. वशिंड जड झालं की तो कलंडतो. पाय बारीक केले तर खालीच बसतो. मग पायात काडी घालायची आणि सावलीत वाळवायचा. उन्हात तडे जातात.

वेरूळचे कैलास लेणे तर आठव्या शतकात एकाच खडकातून वरून खाली कोरत आणले. त्याच्याभोवती फिरून बघता येते. अंगणात दगडी हत्तीही आहेत. माती कमी पडली तर पुन्हा लावता येते, दगड जास्त कोरला की गेला. केवढे कठीण काम!

म्हणून भित्तिपत्रकाजवळ एक बाकडे ठेवावे. भिंतीला चिकटवून नको, मागून कसे बघणार? आणि पालकांनी घरी "चिखलात खेळू नको" म्हणून ओरडू नये. आम्ही नंतर हात धुतो.