साप बघायला जाणारी पोरे आणि आपली जीवदया



पावसाळा लागला की आपल्या घरांतली कॉलेजची पोरे हल्ली एक नवीनच उद्योग करतात. चार-पाच जण मिळून गाडी काढतात आणि साप बघायला जातात. सर्पोद्यानात नाही, रानात. कोणी थेट आंबोली गाठतात, कोणी आपल्याच जिल्ह्यात अकोल्याच्या बाजूला, राजूर, भंडारदरा, घाटघर. याला ते ‘हर्पिंग’ म्हणतात. रात्री टॉर्च घेऊन हिंडायचे, साप, सरडा, पाल, बेडूक जे दिसेल त्याचा फोटो काढायचा, नाव लिहून ठेवायचे. यावर स्थानकात बायकांचे एकच मत ऐकू येते : चातुर्मासात हे शोभत नाही. माझे मत थोडे वेगळे आहे.

आधी बायकांचे बरोबर कुठे आहे ते सांगते. आपले साधू-साध्वी चार महिने विहार का थांबवतात? पावसाने जमिनीवर जीव उदंड होतो, पावलागणिक हिंसा होते म्हणून. आणि ही पोरे नेमक्या त्याच दिवसांत, त्यातही रात्री, चार चाके घेऊन निघतात. पावसाळी रात्री बेडूक डांबरी रस्त्यावर येतात, त्यांच्यामागे साप येतात आणि गाड्यांखाली चिरडतात. काही जण तर गाडी हळूहळू चालवत रस्त्यावरच साप शोधतात. दिव्याच्या उजेडात मोठा साप दिसेल हो, पण बोटाएवढी बेडकी दिसते का? ही पद्धत मला अजिबात मान्य नाही. मुक्कामाच्या गावी उजेडी पोहोचावे, गाडी तिथेच लावावी आणि पुढे पायी फिरावे.

पायी फिरताना ती कशी चालतात, ते मात्र त्यांना एकदा विचारून बघा. टॉर्च पायापुढे, नजर जमिनीवर, दगड-पाचोळा नीट पाहिल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही. आपण ईर्यासमिती म्हणून पाठ केलेली ती हीच की! साडेतीन हात भूमी पाहून चालणे. साधू रात्री चालत नाहीत, हे मला ठाऊक आहे, तेव्हा ही बरोबरी पुरती जुळत नाही. पण आपण बागेत फोनवर बोलत फेऱ्या मारतो, त्यापेक्षा यांची यतना जास्त आहे.

आता बायकांचे मला न पटणारे. सापाचे नाव काढले की आपण दचकतो आणि त्या भीतीला धर्माचे नाव देतो. आपल्याकडे तर सापाच्या दोन मोठ्या कथा आहेत. पार्श्वकुमारांनी कमठाच्या धुनीतले लाकूड फोडायला लावले, आत होरपळलेली नागाची जोडी होती, आणि तीच पुढे धरणेंद्र-पद्मावती झाली. दुसरी चंडकौशिकाची. लोक नको म्हणत असताना भगवान महावीर त्याच्याच वाटेने गेले. त्याने दंश केला, तरी भगवंतांनी त्याला हात लावला नाही, हाकलले नाही, पकडले नाही. समोर शांत उभे राहिले. पुढचा भाग आपण घाईने सांगतो. साप शांत झाल्यावर भाविक आले, त्यांनी तूप-दूध वाहिले, त्या वासाने मुंग्या आल्या आणि त्याला पोखरू लागल्या. मुंग्या चिरडू नयेत म्हणून तो हललासुद्धा नाही. म्हणजे शेवटी त्याला त्रास झाला तो भक्तांच्या प्रेमाचा.

हे प्रेम अजून संपलेले नाही. बत्तीस शिराळ्याला नागपंचमीला जिवंत नाग पकडून मिरवत, ते थांबवायला उच्च न्यायालयाला मध्ये पडावे लागले. दारी टोपली घेऊन येणाऱ्याच्या नागाला दूध पाजण्यातही पुण्य नाही. साप दूध पिणारा प्राणीच नाही, तहानेने व्याकूळ झालेला जीव पुढे येईल त्याला तोंड लावतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने साप असा पकडणे, बाळगणे गुन्हा आहे.

याच कारणाने पोरांनाही माझी अट आहे. काठीने उचलून, शेपटी धरून फोटो नको. दगड उलटलाच तर होता तसा परत ठेवायचा, त्याखाली कुणाचे तरी घर असते. आणि फोटोबरोबर ठिकाण टाकायचे नाही. मांडुळाने पैशांचा पाऊस पडतो, गुप्तधन सापडते, असल्या थापांवर बिचाऱ्या मांडुळांची चोरटी विक्री चालते. आपण व्यापारी माणसे, फुकटात दुप्पट करून देणारा समोर आला की आपल्याला एरवी शंका येते. इथे का येत नाही कोण जाणे!

एवढे पाळले तर जाऊ द्यावे, मुलींनासुद्धा. कारण या शिकण्याची गरज आपल्या घरांना आहे. २०२० साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेल्याचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला ५८ हजारांच्या आसपास. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले आणि बहुतेक खेड्यांतले. आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाया, शेतावरचे गडी, गोदामातले हमाल याच गावांतून येतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार ओळखता येणारे एक माणूस घरात असले तर केवढा फरक पडेल! निरुपद्रवी कवड्याला मण्यार समजून किती मारले जातात. त्याहून वाईट म्हणजे घोणशीला अजगराचे पिल्लू समजून हात घालणे. दंश झालाच तर मांत्रिक नको, चिरणे-आवळणे नको. हातपाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना गाठायचा, हेही या पोरांना तोंडपाठ असते.

आणि गोदामात धामण निघाली की सर्पमित्राला फोन करून आपण जीवदया झाली असे मानतो. तिला सोडले कुठे, वनखात्याला कळवले का, हे आपण विचारतो का? अनोळखी जागी सोडलेल्या सापाला ना बीळ माहीत, ना पाणी. धान्य असेल तिथे उंदीर येणार आणि उंदीर असतील तिथे धामण. तिने उंदीर खाल्लेले आपल्याला बघवत नाही, हे खरे. पण तो तिचा स्वभाव आहे, तिला चौविहाराचे पच्चक्खाण आपण देऊ शकत नाही. दार उघडे ठेवून ती गेली तर जाऊ द्यावी.

पच्चक्खाणावरून आठवले. रात्री हिंडायचे म्हणजे रात्री खायचे, अशी सूट पोरे स्वतःलाच देतात. डबा जास्तीचा द्या, सूर्यास्ताच्या आत संपवायला लावा. आणि डब्याबरोबर गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि एक जादा टॉर्च ठेवलात ना, ते बघा.