मार्क मिळाले, पुढे काय?

पर्यावरण हा विषय शाळा-कॉलेजांत सक्तीने शिकवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली बजावले. विषय आला, पुस्तक आले, मार्कही आले. पण घरोघरी काय चालते? प्रोजेक्टच्या आदल्या रात्री दुकानातून तयार चित्रे आणायची, आईने ती कार्डशीटवर चिकटवायची आणि चिरंजीवांनी खाली ‘झाडे लावा, झाडे जगवा’ लिहून मोकळे व्हायचे!

अल्मोड्याच्या ‘उत्तराखंड सेवा निधी’ या संस्थेने डोंगरी गावांतील शाळांसाठी केलेल्या कार्यपुस्तिकांची रीत निराळी आहे. हे काम १९८७ साली सुरू झाले. सहावी ते आठवीची मुले त्यात आपले गावच मोजतात. रोज सरपण किती जळते? गुरांना चारा किती लागतो आणि गावच्या जमिनीवर उगवतो किती? याची उत्तरे गाइडमध्ये सापडत नाहीत. भारे वाहणाऱ्या आईलाच ती विचारावी लागतात. शाळेची पायरी न चढलेली बाई इथे शिक्षिका ठरते.

शहरातही हे अवघड नाही. गळक्या नळाखाली बादली ठेवून मुलांना रात्रभराचे पाणी मोजू द्या. शेजारच्या घरांतही मोजू द्या. मग तो हिशेब सोसायटीच्या बैठकीत त्यांनाच मांडू द्या. मोठ्यांनी ऐकून प्लंबर बोलावला, तर आपल्या शब्दाने काही बदलते, हे मुले शिकतील. हसण्यावारी नेले, तर पर्यावरण फक्त मार्कांपुरते असते, हेही ती आपल्याकडूनच शिकतील.