यंत्र आणि घर : पट्टा कां घसरतो?

गेल्या मे महिन्यांतील गोष्ट. आमच्या आत्याबाईंना उन्हाळ्यापुरतें पांचगणीस पोंचवावयाचें होतें. वय ब्याऐंशी, आणि उष्मा अगदीं सोसत नाहीं. म्हणून वडिलांनीं १९७२ सालीं घेतलेल्या जुन्या मोटारीस पुतण्यानें हौसेनें वातानुकूलन यंत्र बसवून घेतलें. त्यासाठीं वीज अधिक लागणार, तेव्हां जोडीला मोठा ऑल्टरनेटरही आला. वाई मागें टाकून पसरणीचा घाट चढूं लागलों, तोंच बॉनेटखालून कर्कश किंकाळी उठली. तापमानाचा कांटा वर सरकला व बॅटरीचा तांबडा दिवा मिणमिणूं लागला. गाडी कडेला घेतली, आत्याबाईंना सावलींत बसविलें आणि एंजिन निवण्याची वाट पाहत बसलों.

"काका, पट्टा तर पंधरा दिवसांपूर्वींच नवा घातला आहे!" पुतण्या म्हणाला. तें खरेंच होतें. किंबहुना महिन्याभरांतील तो दुसरा नवा पट्टा. पहिला ढिला राहिला म्हणून घसरला असें समजून हा दुसरा मीं स्वतः लोखंडी दांडा लावून चांगला आवळला होता. त्या शहाणपणाचें फळ आतां समोर दिसत होतें. पाण्याच्या पंपाचें बेअरिंग खिळखिळें होऊन पंपांतून पाणी ठिबकत होतें.

वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं मोटार आहे, आणि पट्टा ओरडूं लागला कीं "आवळा नाहीं तर बदला" हाच उपदेश सर्वत्र मिळतो. म्हणून या खेपेस पट्टा घसरतो कां, याचा थोडा विचार करूं.

आमच्यासारख्या जुन्या गाडींत एंजिनाच्या पुढील टोंकाची पुली एकाच पट्ट्यानें पाण्याचा पंप, त्यावरील पंखा आणि ऑल्टरनेटर यांना फिरविते. हा पट्टा पाचरीच्या आकाराचा असतो. तो पुलीच्या खांचेंत तळाशीं टेकत नाहीं. दोन्ही बाजूंनीं भिंतींना घट्ट धरून ओढतो. खांचेचा तळ घांसून चकचकीत झालेला दिसला, तर पट्टा वा खांच झिजली असें खुशाल समजावें. असा पट्टा कितीही आवळला तरी घसरणारच.

पकड आणखी एका गोष्टीवर अवलंबून आहे. पट्टा पुलीस किती वेढतो, ही ती गोष्ट. दावें खुंटास अर्धाच वेढा घालून धरलें तर हिसक्यासरशी निसटतें. दोन वेढे दिले तर मूलही बैल धरून ठेवील. पट्ट्याचेंही तसेंच आहे. वेढा थोडा कमी झाला कीं पकड पुष्कळच कमी होते.

आतां भाराचा हिशेब पाहा. जुना ऑल्टरनेटर ३५ अँपियरचा होता. १४ व्होल्टला तो सुमारें ४९० वॅट देई. नवा १०० अँपियरचा. म्हणजे १४०० वॅट. पूर्ण भारावर त्यास फिरविण्यास, यंत्रांतील व्यय धरून, तीन अश्वशक्तींहून अधिक ओढ लागते. त्यावर थंड हवेचा काँप्रेसर निराळाच. हें सारें ओझें त्याच एका पट्ट्यावर! घरांत चार माणसें वाढलीं, आणि स्वयंपाकघरांत मात्र एकच सून. ती थकली तर दोष तिचा खचित नव्हे.

मग परीक्षा कशी करावी? प्रथम कानांनीं. एंजिन सुरू होतांच लांब किंकाळी येऊन विरली, किंवा वातानुकूलन चालू करतांच ती उठली, तर पट्टा भार ओढण्यास अपुरा पडतो. चिमणीसारखी तालबद्ध चिवचिव असेल, तर पुल्या एका रेषेंत नाहींत. शंका राहिल्यास चालत्या पट्ट्यावर किंचित पाणी फवारावें. आवाज वाढला तर ताण कमी आहे. थांबला तर पुल्या वांकड्या आहेत. मात्र हें करतांना पदर, उपरणें, मोकळे केस व बांगड्या दूर ठेवाव्या. हात लावून पाहणें तें एंजिन बंद करूनच.

नंतर मोजून. आमच्या एंजिनाची पुली १२० मिलिमीटरची व ऑल्टरनेटरची ६० ची. अर्थात् एंजिन मिनिटाला २००० फेरे घेई तेव्हां ऑल्टरनेटरनें ४००० घ्यावयास हवेत. पंपाचें बेअरिंग बदलल्यावर मिस्त्रींनीं पुलीवर चकाकता कागद चिकटवून फेरे मोजले. वातानुकूलन बंद असतां ३९५० भरले. तें व दिवे चालू करतांच ३६००! शेंकडा दहा घसरण. नवा पट्टाही कांहीं दिवसांतच जळका वास कां देई, तें तेव्हां उमगलें.

शेवटीं लांब लोखंडी फूटपट्टी पुल्यांच्या तोंडांवर टेकविली. काँप्रेसरच्या बैठकीमुळें ऑल्टरनेटरची पुली चार मिलिमीटर पुढें आली होती. शिवाय काँप्रेसर मध्यें घेण्यासाठीं पट्ट्याची वाट वळविल्यानें तिच्यावरील वेढा निम्म्याहून थोडाच अधिक उरला होता. पट्टा निर्दोष होता; मांडणी चुकली होती, आणि ती न पाहतां मीं दांड्याचा जोर पंपाच्या बेअरिंगवर काढला होता.

मिस्त्रींनीं एंजिनावर दोन खांचांची पुली बसवून काँप्रेसरला स्वतंत्र पट्टा दिला, ऑल्टरनेटर मागें घेऊन रेषेंत आणला व जुन्या पट्ट्याची वाट पूर्ववत् केली. ताण बेताचाच ठेवला : दोन पुल्यांमधील अंतर ३०० मिलिमीटर असेल तर अंगठ्यानें दाबतां पट्टा सुमारें पांच मिलिमीटर लवावा. नवा पट्टा थोडा सैलावतो, म्हणून कांहीं दिवसांनीं तो पुन्हां पाहिला. चिकट फवारे मात्र मारूं नयेत. ते आवाज दडपतात, कारण तसेंच राहतें.

त्या दिवशीं आत्याबाई भाड्याच्या गाडीनें पांचगणीस गेल्या. जूनमध्यें त्यांना आणावयास आमचीच मोटार गेली. घाट उतरून वाईस पोंचल्यावर त्या म्हणाल्या, "आज अगदींच गप्प आहे रे गाडी!" मीं कांहीं बोललों नाहीं. पुतण्या मात्र माझ्याकडे पाहून हंसला.