हवामानाची वार्ता व गावची नभोवाणी

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस, अटलांटिक महासागराच्या किनाऱ्यापासून पूर्वेकडे पसरलेल्या साहेल नावाच्या पट्ट्यात पाऊस वर्षातून तीन-चार महिनेच पडतो. बाजरी व ज्वारी ही तेथील मुख्य पिके. महाराष्ट्रातील कोरडवाहू शेतकऱ्यास ती जशी परिचित, तशीच त्यांच्याबरोबर येणारी चिंताही परिचित आहे. पहिल्या पावसावर पेरणी करावी आणि पुढे पंधरा दिवस उघडीप पडावी, की कोवळे मोड जागच्या जागी करपलेच. मग दुबार पेरणीचे बियाणे काढावयाचे ते घरच्या खाण्याच्या धान्यातून. म्हणून ह्या शेतकऱ्यास हंगामाचे एकंदर पर्जन्यमान कळून फारसा उपयोग होत नाही. पाऊस केव्हा लागेल, मध्ये खंड किती दिवसांचा पडेल आणि अखेर केव्हा होईल, हे त्याला हवे असते. बुर्किना फासो देशात १९९० च्या दशकाच्या अखेरीस संशोधकांनी शेतकऱ्यांकडे विचारणा केली, तेव्हा त्यांना हेच उत्तर मिळाले.

शास्त्राने ह्या प्रदेशाकडे पाठ फिरविली होती, असे मुळीच नाही. १९६८ पासून पडलेल्या दीर्घ अवर्षणानंतर साहेलमधील राष्ट्रे एकत्र आली आणि १९७४ साली नायजर देशाची राजधानी नियामे येथे ‘आग्रिमेत’ हे कृषी व जलविषयक हवामानाचे केंद्र स्थापन झाले. पुढे संपूर्ण आफ्रिका खंडासाठी असलेले ‘अकमाद’ हे केंद्रही त्याच नगरात आले. १९९८ पासून पश्चिम आफ्रिकेतील हवामानशास्त्रज्ञ एकत्र बसून हंगामी पावसाचा अंदाज सिद्ध करू लागले. उणीव आहे ती पुढच्या टप्प्यात.

हा अंदाज कोणत्या स्वरूपाचा असतो, हे पाहण्यासारखे आहे. मागील ३० वर्षांचे पर्जन्यमान क्रमाने लावून त्याचे तीन समान गट पाडतात: सर्वांत ओली १० वर्षे, सर्वांत कोरडी १० आणि मधली १०. येणारा हंगाम ह्यांपैकी कोणत्या गटात पडण्याचा संभव किती, एवढेच अंदाज सांगतो. “कोरड्या गटाचा संभव शेकडा ५०, मध्यमाचा ३० व ओल्याचा २०,” असे वाक्य फ्रेंच किंवा इंग्रजी पत्रकात छापले जाते व जिल्ह्याच्या कचेरीत येऊन पडते. बंबारा किंवा हौसा भाषेत त्याचा शब्दशः अनुवाद करून गावात वाचून दाखविला, तरी ऐकणाऱ्याच्या मनावर एकच गोष्ट उमटते: यंदा पाऊस नाही.

असे झाल्याने काय ओढवते, हे झिंबाब्वेत दिसून आले. १९९७ साली प्रशांत महासागरात एल निनो बलवान होता आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागात अवर्षणाचा संभव वर्तविण्यात आला. लोकांच्या कानी पडेपर्यंत त्या संभवाचे निश्चित भाकीत होऊन बसले. कर्ज देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. अनेकांनी मका कमी पेरला. प्रत्यक्षात पाऊस भीती होती तितका उणा पडला नाही. शास्त्रज्ञांनी असत्य सांगितले नव्हते. परंतु ज्याचे शेत अर्धे पडीक राहिले, त्याला हा भेद कोणी समजावून द्यावयाचा? पुढल्या खेपेस त्याने हवामानखात्याचे ऐकलेच नाही, तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणासही पोहोचत नाही.

गावच्या नभोवाणीचे महत्त्व येथे आहे. तिचा निवेदक पत्रक वाचून थांबत नाही. त्याला थांबताच येत नाही, कारण श्रोते त्याला बाजारात गाठतात. तो सांगू शकतो की, एका पिशवीत दहा खडे आहेत, पाच काळे, तीन करडे व दोन पांढरे. डोळे मिटून एक काढावयाचा आहे. काळा निघण्याचा संभव अधिक, तरी पांढरा निघणारच नाही असे नव्हे. म्हणून सारे रान एकाच वाणाखाली घालू नये. थोडे लवकर येणारे बियाणे, थोडे नेहमीचे. हीच गोष्ट तो पुन्हा पुन्हा सांगू शकतो, प्रश्न घेऊ शकतो, आणि अंदाज चुकला तर दुसऱ्या दिवशी त्याच आवाजात तो का चुकला हेही सांगू शकतो. राजधानीतील प्रक्षेपण केंद्रास हे साधत नाही.

ऐकण्याबरोबर चर्चाही हवी, हा विचार नवा नव्हे. कॅनडात १९४१ साली शेतकऱ्यांची नभोवाणी मंडळे सुरू झाली. १९५६ साली युनेस्को व आकाशवाणी ह्यांनी तोच प्रयोग पुणे केंद्रावरून तत्कालीन मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांत, सुमारे १५० गावांत केला. मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर बोलत व आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. १९६४-६५ साली युनेस्कोच्या साहाय्याने घानातही अशीच मंडळे भरली. उलट, केवळ बोलणाऱ्या नभोवाणीची गत काय होते, ह्याविषयी जॉर्ज ॲटकिन्स ह्या कॅनेडियन निवेदकाचा अनुभव प्रसिद्ध आहे. १९७५ साली झांबियात एका आफ्रिकी निवेदकाने त्यांना सांगितले की, आपण ट्रॅक्टरच्या स्पार्क प्लगची निगा ह्या विषयावर कार्यक्रम केला. त्या निवेदकाच्या श्रोत्यांपैकी ट्रॅक्टर बाळगणारे जवळजवळ कोणीच नव्हते! ह्या अनुभवातून ॲटकिन्स ह्यांनी १९७९ साली छोट्या शेतकऱ्यांना उपयोगी पडेल असा मजकूर निवेदकांना पुरविण्याचे कार्य आरंभिले.

माहिती उलट दिशेनेही वाहिली पाहिजे. मालीच्या हवामानखात्याने १९८२ पासून शेतकऱ्यांच्या हाती साधे पर्जन्यमापक दिले. कोणत्या भागात किती पाऊस साचल्यावर कोणता वाण पेरावा, ह्याचे कोष्टकही दिले. आणि दर दहा दिवसांचा सल्ला स्थानिक भाषांतून नभोवाणीवर येऊ लागला. स्वतः मोजलेल्या पावसाशी जो सल्ला पडताळून पाहता येतो, त्यावर विश्वास बसण्यास वेळ लागत नाही. पश्चिम केनियातील न्गान्यी घराणे पिढ्यान्‌पिढ्या पावसाचे जाणते म्हणून मानले जाते. झाडांची पालवी, पक्षी, कीटक ह्यांवरून ते अनुमान बांधतात. तेथील हवामानखात्याने त्यांची थट्टा केली नाही. दोन्ही बाजूंनी एकत्र बसून सामाईक अंदाज तयार केला व तो लोकांपुढे ठेवला. काही शास्त्रज्ञांना ह्यात शास्त्राचा अधिक्षेप वाटतो. परंतु ज्यांच्या शब्दावर गाव पेरणी करते त्यांना बाहेर ठेवून शास्त्राची प्रतिष्ठा वाढते, असे दिसत नाही.

पैसा मात्र बहुधा यंत्रांवर खर्च होतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘रॅनेट’ ह्या योजनेने उपग्रहावरून येणारी हवामानवार्ता गावच्या लहान केंद्रांकडून प्रसारित करण्याची उत्तम कल्पना राबविली. उपग्रह वर्ल्डस्पेस ह्या कंपनीचा होता. ती कंपनी २००८ साली दिवाळखोरीत निघाली. भारतातही तिचे श्रोते पुष्कळ होते व येथील सेवा २००९ च्या अखेरीस थांबली. केनियाच्या हवामानखात्याने ह्यापासून योग्य तो बोध घेतला असावा. दरडी कोसळणाऱ्या कांगेमाच्या डोंगरात आणि न्झोया नदीच्या पुराखाली येणाऱ्या बुदालांगीत त्याने स्वतःची ध्वनिक्षेपण केंद्रे चालविली.

आता प्रत्येकाच्या खिशात दूरध्वनी आला, मग नभोवाणी हवी कशाला, असे विचारले जाते. लघुसंदेश वाचण्यास अक्षरओळख लागते, आणि त्याला उलट प्रश्न करता येत नाही. दूरध्वनीचा खरा उपयोग केंद्रास प्रश्न विचारण्याकडे होतो, आणि त्यायोगे नभोवाणीचे बळ वाढतेच. एक अडचण मात्र दोहोंनाही सारखीच आहे: संच असो की दूरध्वनी, तो बहुधा घरच्या पुरुषाच्या हाती असतो, आणि खुरपणी, पाणी व बियाण्याची राखण स्त्रियांकडे असते. स्त्रियांची श्रोतृमंडळे हा त्यावरील एक उपाय होय. कार्यक्रमाची वेळ त्यांना विचारून ठरविणे हा दुसरा, आणि त्यास खर्च काहीच नाही.

सर्व जगास पाच वर्षांत पूर्वसूचनेचे संरक्षण मिळावे, अशी घोषणा संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी मार्च २०२२ मध्ये केली. त्यासाठी रडार व वेधशाळा उभारल्या जातील, आणि त्या उभारल्या पाहिजेतच. परंतु त्याच अंदाजपत्रकात गावच्या निवेदकाचे वेतन, प्रक्षेपकाच्या विजेचा खर्च आणि हवामानखात्यातील एका अधिकाऱ्याने आठवड्यातून एकदा केंद्रावर जाऊन प्रश्नांस उत्तरे देण्याची तरतूद असावयास हवी. ही रक्कम रडारच्या मानाने अल्प आहे. तिचे उद्‌घाटन कोणास करता येत नाही, एवढाच तिचा दोष.