विमानात जळका वास आला की पायलट लगेच मागे का फिरतात?

२७ जून २०२५ ला मुंबईहून चेन्नईला निघालेलं एअर इंडियाचं एआय ६३९ हे विमान चेन्नईला न जाता परत मुंबईतच उतरलं. कारण होतं केबिनमध्ये येणारा जळका वास. विमान सुखरूप उतरलं. पण अहमदाबादच्या दुर्घटनेला तेव्हा जेमतेम पंधरा दिवस झाले होते, त्यामुळे बातमी वाचून अनेकांना धास्ती वाटणं साहजिक होतं.

हे काही पहिल्यांदा घडलं नव्हतं. जुलै २०२२ मध्ये कालिकतहून दुबईला जाणारं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान अशाच वासामुळे मस्कतला उतरवण्यात आलं होतं.

पण ना आग दिसली, ना धूर. मग नुसत्या वासासाठी विमान वळवायची गरज काय?

वास नेमका कशाचा?

बहुतेक वेळा कारण किरकोळ असतं. गॅलीतल्या ओव्हनमध्ये काहीतरी करपलेलं असतं, एखादा पंखा तापलेला असतो किंवा इंजिनातल्या तेलाचा वास एसीच्या हवेतून आत आलेला असतो.

पण वायरवरचं आवरण जळत असेल, तरी सुरुवात वासानेच होते. विमानात वायरचं जाळं छताच्या आणि भिंतींच्या पॅनेलमागे पसरलेलं असतं. तिथे ना प्रवाशाची नजर पोहोचते, ना पायलटची. किरकोळ कारण आणि जीवघेणं कारण, दोन्हींचा वास पहिल्या मिनिटाला सारखाच वाटू शकतो. खरी अडचण हीच आहे.

२१ मिनिटांत काय घडलं?

२ सप्टेंबर १९९८. स्विसएअरचं फ्लाइट १११ न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालं होतं. उड्डाणानंतर साधारण ५३ मिनिटांनी कॉकपिटमध्ये वेगळाच वास आला. पायलटना आधी वाटलं, एसीमधून येत असेल. चार मिनिटांनी त्यांनी कंट्रोलला कळवलं आणि विमान कॅनडातल्या हॅलिफॅक्सकडे वळवलं.

विमान उंचावर होतं, टाक्यांमध्ये भरपूर इंधन होतं. वजन कमी करण्यासाठी समुद्रावर इंधन सोडायचं ठरलं. दरम्यान चेकलिस्टप्रमाणे केबिनचा वीजपुरवठा बंद केला, तेव्हा हवा खेळवणारे पंखेही थांबले आणि छतामागचा धूर कॉकपिटच्या दिशेने सरकला. पहिल्या वासानंतर साधारण २१ मिनिटांनी विमान समुद्रात कोसळलं. विमानातले सर्व २२९ जण मरण पावले.

कॅनडाच्या तपास यंत्रणेने चार वर्षांहून जास्त काळ तपास केला. कॉकपिटजवळच्या छतामागे वायरमध्ये ठिणगी पडली आणि इन्सुलेशनच्या पातळ आवरणाने पेट घेतला, असा निष्कर्ष निघाला. धुराचं मूळ शोधायची चेकलिस्ट पूर्ण करायलाच २० ते ३० मिनिटं लागू शकत होती, हेही समोर आलं.

म्हणजे पायलट चुकले का? अहवाल तसं म्हणत नाही. पहिला वास येताच ते थेट उतरायला लागले असते, तरीही वेळ पुरला नसता, असं तपासात दिसलं. पण एक गोष्ट पक्की झाली: मूळ शोधण्यात वेळ घालवायचा नाही. तसं ज्वलनशील इन्सुलेशन विमानांतून काढायचे आदेश निघाले. चेकलिस्टही बदलल्या. आता बऱ्याच चेकलिस्टमध्ये ‘विमान वळवावं लागू शकतं’ ही आठवण सुरुवातीलाच असते.

आता पायलट काय करतात?

धुराची शंका आली की आधी स्वतःचे ऑक्सिजन मास्क लावतात. मग जवळच्या विमानतळाकडे वळायची तयारी आणि संशयित उपकरणांची वीज तोडणं, ही कामं सोबतच चालतात. केबिन क्रू ओव्हन, टॉयलेट, सामानाचे कप्पे तपासतात. पॅनेल गरम लागतं का, हे हाताच्या मागच्या बाजूने पाहतात. विझवण्यासाठी हॅलॉनचे सिलिंडर असतात.

मग प्रवाशांचे मास्क का खाली येत नाहीत?

कारण ते धुरासाठी नसतातच. केबिनमधल्या हवेचा दाब कमी झाला तर श्वास घेता यावा म्हणून ते असतात. त्या मास्कमध्ये बाहेरची हवाही मिसळते, म्हणजे धूर आत येणारच. शिवाय जादा ऑक्सिजनमुळे आग भडकू शकते.

तुम्ही काय करायचं?

- वास आला तर ‘माझा भास असेल’ म्हणून गप्प बसू नका. लगेच क्रूला सांगा. कुठून येतोय, किती वेळ येतोय, तेही सांगा.
- फोन किंवा पॉवर बँक गरम होत असेल तर लपवू नका. पॉवर बँक चेक-इन बॅगेत ठेवायला परवानगी नाही, कारण सामानाच्या कक्षात ती पेटली तर तिथे कुणाचा हात पोहोचत नाही.
- फोन सीटच्या फटीत पडला तर सीट मागे-पुढे करू नका. बॅटरी चेपली तर ती पेट घेऊ शकते.
- धूर असेल तर खाली वाका, ओला रुमाल नाकातोंडावर धरा. उतरताना बॅग घेऊ नका.

विमान परत फिरलं की कनेक्शन चुकतं, मीटिंग बुडते, चिडचिड होते. ती रास्तच आहे. पण बऱ्याचदा पुढे कळतं की कारण साधंच होतं. हे जमिनीवर उतरल्यावर कळलेलं बरं.