टकळीला प्रयोगशाळेत जागा द्या

फार बडबड करणाऱ्याला ‘तुझी टकळी आता थांबव’ असे आपण सहज म्हणतो. पण बालमित्रांनो, खरी टकळी फिरताना तुमच्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? कोल्हापूरच्या मुलांना त्यासाठी दूर जावे लागणार नाही. हातकणंगले तालुक्यातले पट्टणकोडोली हे गाव घोंगड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळतात. लोकर हाताने कातणारी माणसे मात्र आता बहुधा म्हातारीच उरली आहेत.

टकळी म्हणजे एक काडी आणि तिच्यावर बसवलेली जड चकती. बोटांनी गिरकी दिली की चकतीच्या जडत्वामुळे ती फिरत राहते आणि लोकरीला पीळ बसतो. वजन तेवढेच ठेवून चकती रुंद केली तर ती सावकाश पण बराच वेळ फिरते. लहान चकती भरभर फिरून लवकर थांबते. चकती फार जड झाली तर नुकता तयार झालेला धागा तुटतो. हे गणित धनगराच्या आजीने कागदावर मांडलेले नसते, पण तिच्या बोटांना ते पक्के ठाऊक असते.

आता खरी गंमत पाहा. लोकरीचा एकेक तंतू काही सेंटीमीटरच लांब. मग त्यातून कित्येक मीटर सूत निघते कसे? लोकरीचा पुंजका नुसता ओढा, तंतू अलगद सुटतात. त्यालाच पीळ देऊन ओढा! आता जितके जोराने ओढाल तितके तंतू एकमेकांवर अधिक दाबले जातात आणि घर्षण वाढते. शिवाय लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात, तेही पकड घट्ट करतात.

काही शिक्षक म्हणतील, ही हस्तकला आहे, तिला कार्यानुभवाच्या तासाला बसवा. मला हे मुळीच पटत नाही. जडत्व, घर्षण आणि पीळ इतक्या स्वस्तात दाखवणारे दुसरे उपकरण शाळेत कोणते आहे? लंबकाशेजारी टकळीही टांगलेली हवी. आणि ती शिकवायला धनगरवाड्यातल्या आजीला बोलवावे; इतर तज्ज्ञांना देतो तसे मानधनही तिला द्यावे.

घाई करायला कारण आहे. दख्खनी मेंढीची लोकर मेरिनोच्या लोकरीपेक्षा पुष्कळ जाड असते. ती अंगाला टोचते, हे नाकारण्यात अर्थ नाही. स्वेटरसाठी तिला कोणी विचारत नाही. भाव इतका पडला आहे की कातरलेली लोकर पुष्कळदा फेकूनच दिली जाते आणि मेंढ्या मुख्यतः मांसासाठी पाळल्या जातात. शाळेतल्या टकळीने हा धंदा सावरणार नाही. पण आजीची बोटे काय करतात ते पाहून, मोजून, लिहून ठेवायला आज तरी वेळ आहे.

तोवर पेन्सिलीत बटाट्याची चकती खोचा आणि पेन्सिलीच्या वरच्या टोकाला खाच पाडून धागा अडकवा. एकदा जाड चकती लावा, एकदा पातळ. प्रत्येक वेळी किती लांब सूत निघाले आणि ते कुठे तुटले, याची वहीत नोंद करा.